ज्यूरी ड्यूटीचं समन्स हुकलं तर काय करायचं? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

घर बदललेलं असतं, किंवा हिवाळाभर पुण्याला जाऊन आलेलो असतो, किंवा दुकानांच्या कूपनांच्या गठ्ठ्यात एक पाकीट न उघडताच राहून गेलेलं असतं. मग एक दिवस कोर्टाचं दुसरं पत्र हातात पडतं: तुम्हाला ज्यूरीसाठी, म्हणजे खटल्यात निर्णय द्यायला बसणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटासाठी, बोलावलं होतं, तुम्ही हजर झाला नाहीत. पोटात गोळा येतो. वॉरंट निघालं असेल का, दंड किती, नोकरीवर काही येईल का, ग्रीन कार्डला धक्का लागेल का, असे प्रश्न एकदमच डोक्यात सुरू होतात.

आधी धीर धरा. एक समन्स हुकलं म्हणून दारात पोलीस उभे राहिले असं सहसा होत नाही. बहुतेक कोर्टं आधी आठवणीचं पत्र पाठवतात, नवीन तारीख देतात आणि माणूस बोलायला तयार असेल तर त्याचं ऐकून घेतात. प्रकरण चिघळतं ते पत्रं येत राहतात आणि आपण काहीच कळवत नाही तेव्हा. म्हणून खालचं सगळं वाचून झाल्यावर करण्याचं मुख्य काम एकच: ज्यूरी ऑफिसला आजच्या आज फोन करणं. तो फोन करण्याआधी काय बघायचं, काय हाताशी ठेवायचं आणि नंतर काय करायचं, ते क्रमाने सांगते.

१. निरोप खरा आहे का ते बघा

पत्र न येता थेट फोन आला असेल तर जवळजवळ नक्की समजा की तो भामट्याचा आहे. ही फसवणूक अमेरिकेत इतकी बोकाळली आहे की फेडरल (केंद्रीय) कोर्टं आणि फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी केंद्र सरकारची संस्था याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे देतात. ठरलेला प्रकार असा. फोनवर भारदस्त आवाजात कुणीतरी स्वतःला शेरीफ ऑफिसचा सार्जंट किंवा यू. एस. मार्शल म्हणवतो. तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता बरोबर सांगतो. कधी खऱ्या न्यायाधीशांचं नाव घेतो, बॅज नंबरही देतो. फोनच्या पडद्यावर खरोखरच कोर्टाचा नंबर दिसतो, कारण नंबर खोटा दाखवणं आता अवघड राहिलेलं नाही. "तुमच्या नावाने वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरलेत तर अटक टळेल, आणि फोन ठेवू नका," असं तो सांगतो. पैसे भरायचे कशाने? गिफ्ट कार्ड, झेल (Zelle) हे पैसे पाठवायचं अ‍ॅप, नाहीतर बिटकॉइनच्या मशीनमध्ये.

कोर्ट फोनवरून दंड वसूल करत नाही. फोनवर सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँकेचे तपशील मागत नाही. गिफ्ट कार्ड तर जगातलं कुठलंच कोर्ट घेत नाही. असा फोन आला की एक शब्द न बोलता ठेवून द्या. त्याने दिलेल्या नंबरवर उलट फोन करू नका, कोर्टाचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच बँकेला आणि पोलिसांना कळवा, फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा. घरात आई-वडील राहायला आलेले असतील तर हा परिच्छेद त्यांना आजच वाचून दाखवा. वॉरंट हा शब्द ऐकून सगळ्यात आधी घाबरणारे तेच असतात, आणि "मुलांना त्रास नको" म्हणून आपल्याला न सांगता पैसे भरणारेही तेच.

पत्र आलं असलं तरी त्यावरचा नंबर कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबराशी ताडून बघा. मेसेज किंवा ईमेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका.

२. कोर्ट कुठलं ते ओळखा

पत्राच्या वरच्या ओळीत "युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट" असेल तर ते फेडरल. राज्याचं किंवा काउंटीचं नाव असेल, उदाहरणार्थ "सुपीरियर कोर्ट ऑफ न्यू जर्सी", तर ते राज्याचं. दोन्हींचे नियम वेगळे, ऑफिसं वेगळी. एकाला फोन करून दुसऱ्याचं काम होत नाही.

दंडाचा अंदाज यावा म्हणून काही आकडे देते. हे कमाल आकडे आहेत आणि पहिल्याच पत्राला ते लागत नाहीत. फेडरल कायद्यात १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवा, किंवा यांपैकी एकाहून जास्त गोष्टी एकत्र. कॅलिफोर्नियात पहिल्या वेळी २५० डॉलरपर्यंत, दुसऱ्या वेळी ७५०, त्यापुढे १,५००. टेक्सासमध्ये १०० ते १,०००. न्यू जर्सीत ५०० पर्यंत. मॅसॅच्युसेट्समध्ये २,००० पर्यंत, आणि तिथली साखळी ठरलेली आहे: आधी गैरहजेरीची नोटीस, मग कर्तव्यात कसूर केल्याची (डेलिंक्वन्सी) नोटीस, आणि तरीही दाद दिली नाही तर फौजदारी तक्रारीचा अर्ज. तुमचं पत्र यातल्या कुठल्या पायरीवरचं आहे ते नीट वाचा. पहिल्या दोन पायऱ्यांवर असाल तर प्रकरण एका फोनवर किंवा एका फॉर्मवर मिटायची दाट शक्यता आहे.

एक सोपा गैरसमजही दूर करते. दंड भरला म्हणजे ज्यूरीतून सुटका झाली असं नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांत तर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दंड वेगळा, सेवा वेगळी.

३. तुम्ही ज्यूरीला पात्र होता का? ही पायरी घाईने उरकू नका

ज्यूरीवर फक्त अमेरिकन नागरिक बसू शकतो. मग एच-वन-बीवर असलेल्याला, ग्रीन कार्डवाल्याला समन्स का येतं? कारण नावं मतदारयादीबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्स आणि स्टेट आयडीच्या यादीतून काढली जातात. न्यू जर्सीत त्यात राज्याचा आयकर भरणारेही येतात. त्या याद्यांत कोण नागरिक आणि कोण नाही याची चाळणी आधी झालेली नसते, ती तुमच्या उत्तरातून व्हायची असते.

म्हणून नागरिक नसाल तरी उत्तर द्यायलाच हवं. "आपण सिटिझन नाही, आपल्याला काय करायचंय" म्हणून पत्र कचऱ्यात टाकणं ही आपल्या लोकांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. कोर्टाला तुम्ही नागरिक नाही हे माहीत नसतं. त्याच्या लेखी तुम्ही बोलावूनही न आलेले. फॉर्मवर "मी अमेरिकेचा नागरिक नाही" ही खूण करायची, सही करायची, पाठवायचं किंवा ऑनलाइन भरायचं. काही कोर्टं ग्रीन कार्डाची किंवा व्हिसाची प्रत मागतात, ती द्यायची. एवढ्यावर विषय संपतो.

याची उलट चूक मात्र आयुष्यभर पुरते. घाईघाईत किंवा "नाही म्हटलं तर काही वाईट दिसेल का" या भीतीने नागरिक असल्याच्या रकान्यात खूण केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. इमिग्रेशन कायद्यात याला माफी जवळजवळ नाही. ग्रीन कार्ड अडकू शकतं, देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. पुढे नागरिकत्वासाठी एन-४०० फॉर्म भरताना हाच प्रश्न समोर येतो: तुम्ही कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं आहे का? अशी खूण आधीच झाली असेल तर कोर्टाला परस्पर काही लिहू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आणि नागरिक असून ज्यूरी टाळायला "मी नागरिक नाही" असं लिहिणारेही भेटतात. कृपा करून असं करू नका. टेक्सासमध्ये अशा लोकांची यादी कोर्टाकडून मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे जाते. शिवाय खोटं लिहिल्याची शिक्षा गैरहजेरीपेक्षा हलकी नसते.

नागरिकत्वाखेरीज आणखी तीन गोष्टी आपल्याकडे वारंवार लागू पडतात.

कायमचे भारतात परत गेलेले. पासपोर्ट अमेरिकन, पण मुक्काम आता बाणेरला, आणि समन्स मित्राच्या पत्त्यावर. त्या काउंटीत तुम्ही राहत नसाल तर तिथल्या ज्यूरीला पात्र नाही, पण हे कळवावं लागतं. ऑनलाइन फॉर्म भारतातूनही भरता येतो. भारत सरकार भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना देतं ते ओसीआय कार्ड मात्र सवलत देत नाही. ते असलेला अमेरिकन नागरिक इथे राहत असेल तर त्याला यावंच लागतं.

इंग्रजी न येणारे ज्येष्ठ. ५५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेल्या, किंवा ५० वर्षांवरच्या आणि २० वर्षं राहिलेल्या माणसाला नागरिकत्वाची परीक्षा मातृभाषेत देता येते. आपल्या कितीतरी आयांनी ती मराठी दुभाषी घेऊन दिली आहे. त्या नागरिक झाल्या, मतदारयादीत नाव गेलं, आणि ज्यूरीच्याही. फेडरल कोर्टांत आणि बहुतेक राज्यांत ज्यूररला (ज्यूरीवर बसणाऱ्याला) पुरेसं इंग्रजी यावं लागतं. येत नसेल तर फॉर्मवर तसं खरंखरं लिहायचं.

आमच्या घरी नेमकं हेच घडलं. सासूबाई नाशिकला असताना समन्स आलं आणि पाठोपाठ गैरहजेरीचं पत्र. त्या परतल्यावर दुसरं पत्र त्यांच्या हातात पडलं तेव्हा त्यांना वाटलं, आपलं नागरिकत्वच काढून घेणार. प्रत्यक्षात फॉर्म मी त्यांच्या शेजारी बसून भरला. प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवला, उत्तरं त्यांनी दिली, आणि फॉर्म दुसऱ्याने भरल्याची नोंद करून माझं नाव आणि कारण लिहिलं. अशी नोंद करायला फेडरल फॉर्मवरही मुभा आहे. त्यांच्या नावाने मीच परस्पर भरून सही केली असती तर ते चुकीचं ठरलं असतं. काही दिवसांनी त्यांना अपात्र ठरवल्याचं पत्र आलं आणि ते आजही त्यांच्या फाइलीत आहे.

वय आणि आजार. न्यू जर्सीत ७५ वर्षं किंवा त्याहून मोठ्यांना सूट मागता येते. बऱ्याच फेडरल कोर्टांत ७० वर्षांवरच्यांना मागितल्यावर मिळते. टेक्सासमध्ये ७५ वर्षांवरच्यांना सूट आहे. सूट बहुतेक ठिकाणी आपोआप लागू होत नाही, मागावी लागते. आजारपणासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं. कॅलिफोर्नियात अंगावर पाजणाऱ्या आईला एक वर्षापर्यंत पुढची तारीख मागता येते.

४. कागद एका जागी ठेवा

- कोर्टाचं पत्र, आणि मूळ समन्स सापडलं तर तेही. त्यावरचा ज्यूरर नंबर, बारकोडजवळचा पिन आणि ग्रुप नंबर यांच्याखाली रेघ मारा.
- पाकीट. फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि पिवळी पत्ताबदलाची पट्टी असेल तर तीच सांगते की पत्र उशिरा फिरून आलं.
- प्रवासात होता तर विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के.
- घर बदललं असेल तर नवीन लीज किंवा वीजबिल, तारखेसकट.
- आजार, बाळंतपण किंवा घरच्यांची शुश्रूषा असेल तर डॉक्टरांचं पत्र. त्यात "या तारखेपासून या तारखेपर्यंत हजर राहणं शक्य नव्हतं" एवढं वाक्य हवं, आजाराची कहाणी नको.
- तेव्हा नागरिक नव्हता आणि आता झालात, तर नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवरची तारीख.

मूळ कागद कुठेही पाठवू नका, प्रतीच पाठवा.

५. ज्यूरी ऑफिसला फोन करा

सकाळी उघडल्या उघडल्या करा, दुपारी रांग लांबते. ऑनलाइन पोर्टल असलं तरी समन्सची तारीख उलटल्यावर ते अनेकदा नवीन तारीख देत नाही. तिथे अडकून बसू नका.

पलीकडे बसलेली व्यक्ती दिवसभर अशीच प्रकरणं हाताळते, तिला आपलं प्रकरण नवं नसतं. ती आधी ज्यूरर नंबर विचारेल, मग नाव, जन्मतारीख आणि सध्याचा पत्ता. इथे फोन तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर केलेला असतो, म्हणून ही माहिती द्यायला हरकत नाही. मग थोडक्यात सांगा: समन्स अमुक तारखेचं होतं, मी ते अमुक कारणाने वेळेत पाहिलं नाही, मला सेवा करायची आहे, पुढची तारीख द्या. पात्र नसाल तर शेवटच्या वाक्याऐवजी अपात्रतेचं कारण सांगा. कारण खरं आणि दोन वाक्यांत बसणारं असावं. लांबण लावलं, ऑफिसातलं कामाचं ओझं सांगितलं, की समोरच्याला वाटतं हा टाळायला बघतोय.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. नोंद आता कशी दिसते, काही लेखी पाठवायचं आहे का, आणि नवीन समन्स टपालाने येईल की ईमेलने. बोललेल्या व्यक्तीचं नाव, तारीख आणि वेळ पत्रावरच लिहून ठेवा. मग त्याच दिवशी तेच म्हणणं चार ओळींत लिहून, ज्यूरर नंबर सगळ्यात वर घालून पाठवा. तोंडी बोलणं कुणी नोंदवायचं विसरलं तर कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

६. "ऑर्डर टू शो कॉज" आली असेल तर

म्हणजे न्यायाधीश विचारताहेत की तुम्हाला शिक्षा का करू नये ते येऊन सांगा. ही तारीख कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. समन्स हुकणं समजून घेतलं जातं, पण ही सुनावणी हुकली तर वॉरंट खरोखर निघू शकतं. बोलायचं तेच जे फोनवर बोललात. कागद दाखवायचे आणि सेवेची तयारी सांगायची. साधं प्रकरण असेल तर बहुतेक लोक वकिलाशिवाय जातात आणि नवीन तारीख घेऊन परततात. पण आधीच वॉरंट निघालेलं असेल, किंवा तुम्ही नागरिक नसाल आणि हे इथवर आलं असेल, तर वकील घ्या.

ज्यूरीवर निवड होऊन शपथ घेतल्यानंतर न जाणं हे मात्र अगदी वेगळं प्रकरण आहे. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत निवड झालेला एक तरुण सकाळी उशिरा उठल्यामुळे खटल्याला गेला नाही आणि त्याने कोर्टाला कळवलंही नाही. न्यायाधीशांनी त्याला १० दिवस तुरुंगात पाठवलं. पुढे त्याच न्यायाधीशांनी त्याच्यावरचा ठपका काढून टाकला, पण ते १० दिवस तो आत काढून आला होता.

७. नवीन तारखेला जा

बऱ्याच काउंट्यांत आदल्या संध्याकाळी फोन करून किंवा संकेतस्थळावर बघून आपला ग्रुप बोलावला आहे का ते तपासायचं असतं. कॅलिफोर्नियात अनेक ठिकाणी हे आठवडाभर रोज करावं लागतं. सोमवारी नाव नाही म्हणून लोक सुटलो असं समजतात, आणि बुधवारी बोलावणं येऊन जातं. फोनवर रोजचा गजर लावा.

मालकाला समन्सची प्रत लगेच द्या. फेडरल ज्यूरीसाठी गेलात म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे, आणि राज्यांचेही आपापले कायदे आहेत. पगार मिळेलच असं मात्र नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले ३ दिवस मालकाने पगार द्यायचा असतो. इतरत्र कंपनीचं धोरण बघा. कोर्टाचा भत्ता फेडरलमध्ये रोज ५० डॉलर, टेक्सासमध्ये पहिल्या दिवशी २० आणि नंतर ५८, कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टांत साधारणतः पहिला दिवस बिनपगारी आणि मग १५. पैशांसाठी कुणी जात नाही हे उघड आहे.

मी मात्र मनापासून सांगते, जा. १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्यूरीत ९ जण होते, ७ युरोपीय आणि २ भारतीय. निकाल ७ विरुद्ध २ असा लागला आणि टिळक ६ वर्षांसाठी मंडालेला गेले. त्या खोलीत कोण बसलंय यावर किती अवलंबून असतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. भारतात ज्यूरी पद्धत गेली. अमेरिकेत ती आहे, आणि गंभीर फौजदारी खटल्यात सगळ्या ज्यूररचं एकमत झाल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सगळ्या राज्यांना लागू आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस उद्या आपला मुलगाही असू शकतो, आणि तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर आपल्यासारखं कुणीच नसलं तर काय वाटेल, याचा विचार करा. निवड होईलच असंही नाही. कितीतरी जण दिवसभर बसून, वकिलांच्या चार प्रश्नांची उत्तरं देऊन घरी येतात. पुस्तक न्या, चार्जर न्या, डबा न्या, आणि सुरक्षा तपासणीत अडकेल असा पॉकेट चाकू घरी ठेवा.

८. पुन्हा हुकू नये म्हणून

इमिग्रेशन खात्याला (यूएससीआयएसला) पत्ता कळवला म्हणजे तो कोर्टाला कळला असं होत नाही. टपालखात्याच्या पत्ताबदलावरही विसंबू नका, काही समन्स पुढे न पाठवता परत जातात. लायसन्सवरचा पत्ता मोटार वाहन खात्याकडे बदला आणि नागरिक असाल तर मतदार नोंदणीतलाही. लांब भारतात जाणार असाल तर शेजाऱ्यांना किंवा मित्राला टपाल उघडून फोटो पाठवायला सांगा. कोर्टाचं पाकीट दिसलं की तिथूनच ऑनलाइन पुढची तारीख मागता येते, आणि तारीख उलटण्याआधी मागितली तर पहिल्या वेळी ती सहसा मिळते.

बऱ्याच फेडरल कोर्टांकडून समन्सच्या आधी नुसती प्रश्नावली येते. तिला १० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. "हे तर समन्स नाही" म्हणून ती बाजूला टाकू नका.

सेवा झाल्यावर हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि पासपोर्टच्या फाइलीत ठेवा. न्यू जर्सीत त्याच काउंटीत, आणि मॅसॅच्युसेट्समध्येही, सेवा झाल्यावर ३ वर्षं पुन्हा बोलावणं लागू होत नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी ही मुदत एक वर्षाची आहे. तेवढ्यात पुन्हा समन्स आलं तर या प्रमाणपत्राची प्रत जोडून उत्तर पाठवा.